अरोवानाला सोबत

मास्तर कोटाच्या अस्तराला टाचण्या लावत होते, तेवढ्यात टाकीचं झाकण उडालं आणि अडीच फुटांचा मासा फरशीवर येऊन आदळला.

दातांत धरलेल्या दोन टाचण्या त्यांनी आधी काढून उशीत खोचल्या, कारण चाळीस वर्षांची सवय अशा वेळीही सुटत नाही, आणि मगच ते उठले. मासा शिलाई मशीनच्या पायाशी उसळत होता. धनुष्यासारखा वाकायचा, सुटायचा, पुन्हा वाकायचा. प्रत्येक आपटीला एखादा खवला उडायचा. कोटाच्या मोठ्या बटणाएवढा, चकचकीत. मास्तरांनी त्याला दोन्ही हातांनी धरायला पाहिलं, तर तो साबणाच्या वडीसारखा निसटला आणि त्याच्या शेपटीचा फटका त्यांच्या मनगटावर बसला. तेव्हा त्यांनी समोरचं अस्तर ओढलं, टाचण्या भराभर झटकल्या, इस्त्रीशेजारच्या पाण्याच्या बादलीत ते बुचकळलं आणि माशावर टाकलं. तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसा त्याला गुंडाळून, छातीशी धरून, ते स्टुलावर चढले. साठीला टेकलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, हातात तीन किलोंचं जिवंत, घाबरलेलं ओझं. पण चढले.

पाण्यात सोडल्यावर मासा क्षणभर कुशीवर तरंगला. मग त्याने कल्ले उघडले, मिटले, शेपूट हलवली आणि हळूहळू सरळ होऊन तो टाकीच्या कोपऱ्यात गेला. उजव्या कुशीवर आठ-नऊ खवल्यांची जागा उघडी पडली होती. तिच्या थोडं वर एक गोल, लालसर डाग होता. तो मात्र फरशीवर आपटून झालेला नव्हता. तो डाग करणारा सकर मासा आता समोरच्या काचेला तोंड चिकटवून निवांत बसला होता, जसं काही या घरात काहीच घडलं नव्हतं.

सकर मास्तरांनीच आणला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं.

टाकी घरात आली ती लग्नाबरोबर, आठ महिन्यांपूर्वी. सरकारी इस्पितळात वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टर मास्तरांकडे गणवेश ढिला करून घ्यायला यायच्या. एकदा मास्तरांनी न सांगता त्यांच्या खिशात तीन कप्पे शिवून दिले, पेन, कात्री आणि थर्मामीटर एकमेकांत अडकू नयेत म्हणून. त्या खिशावरून सुरू झालेली गोष्ट दोन वर्षांनी नोंदणी कार्यालयात दोन सह्या करून पुरी झाली. मास्तर आयुष्यभर एकटे राहिलेले, सिस्टर तीन वर्षांपूर्वी एकट्या पडलेल्या. ओळखीचे लोक गमतीने म्हणायचे की मास्तर आणि सिस्टर, म्हणजे घरात आता शाळा आणि दवाखाना दोन्ही झालं. सिस्टरांनी येताना दोन पेट्या कपडे आणले, एक आरामखुर्ची आणली, आणि सहा फूट लांब टाकीसह हा रुपेरी अरोवाना. त्यांच्या पहिल्या यजमानांचा. त्यांनी तो बोटभर असल्यापासून वाढवला होता.

मास्तरांनी पुढच्या खोलीतलं कटिंगचं टेबल खिडकीकडे सरकवलं आणि टाकीला भिंत दिली. पहिले काही दिवस त्यांना त्या माशाचा संकोच वाटे. तो वरच्या पाण्यातच फिरायचा, पट्टीसारखा सरळ; भिंतीशी पोचला की रिबिनीसारखा स्वतःवरच वळून परत यायचा. हनुवटीला दोन मिशा, तोंड आभाळाकडे उघडणारं, आणि मोठा थंड डोळा. मास्तर मशीनवर बसले की तो डोळा त्यांच्याकडे असायचा. दुसऱ्याच्या घरात बसून आपण शिवतोय असं त्यांना वाटायचं, घर त्यांचं स्वतःचं असूनही. पण सिस्टर ड्यूटीला गेल्या की घरात हे दोघंच उरत. हळूहळू मास्तर त्याच्याशी बोलू लागले. अमुक गिऱ्हाईक कसं पोट आत ओढून माप देतं आणि मग पँट घट्ट झाली म्हणून भांडतं, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते माशाला सांगितलं.

मग महिन्याभरापूर्वी सिस्टरांच्या मुलाचा निरोप आला. तो दुसऱ्या शहरात होता, पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर. लग्नाला तो आला नव्हता. रजा मिळाली नाही म्हणाला होता. आता त्याने मोठी जागा घेतली होती, मोठी टाकी बसवली होती, आणि बाबांचा मासा न्यायला तो येणार होता. सिस्टरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, ये.

तो येणार म्हणून मास्तरांना वाटलं, टाकी लखलखीत दिसावी. काचेवर हिरवा थर धरत होता, तो पुसून पुन्हा धरत होता. बाजारात एकाने सांगितलं की सकर सोडा, काच आरशासारखी ठेवील. मास्तर खुशीत एक वीतभर काळा सकर घेऊन आले. चार दिवस त्याने काच चाटली. पाचव्या दिवशी, दुपारी दीड वाजता, त्याला अरोवानाच्या अंगावरचा चिकट थर काचेपेक्षा गोड लागला.

त्या दुपारी मास्तरांनी आधी सकरला जाळीने काढून बादलीत टाकलं आणि बादली न्हाणीघरात ठेवली. झाकणावर दोन जाड पुस्तकं आणि इस्त्री ठेवली. फरशी पुसली. खवले वेचले, ते नऊ भरले. मग ते मशीनसमोर बसले आणि सिस्टरांना काय सांगायचं याचा विचार करू लागले. त्या तीनला येत. टाकीतल्या हीटरला घासला, असं सांगता आलं असतं. आपोआप झालं, मी मागच्या खोलीत होतो, असंही सांगता आलं असतं. बिघडलेली शिलाई आतून कशी लपवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एकदोन वाक्यं मनात बेतूनही पाहिली.

सिस्टर आल्या, रोजच्यासारखे आधी हात धुतले, आणि जेवण गरम करायला जाण्याआधी टाकीकडे वळल्या. वळल्या तशा थांबल्या.

"काय झालं?"

मास्तर उठून उभे राहिले. बेतलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं: सकर कुठून आणला, का आणला, विचारलं का नाही, मासा कसा पडला, अस्तराचं काय झालं. सांगून झाल्यावर खिशातून रुमाल काढला आणि त्यात गुंडाळलेले नऊ खवले टेबलावर ठेवले, जसा काही पुरावा.

सिस्टरांनी टाकीवरचा दिवा लावला, वाकून बराच वेळ माशाचे कल्ले पाहिले. ओठ हलत होते. त्या श्वास मोजत होत्या. मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या,

"तुमच्या मनगटाला काय झालंय?"

मनगट सुजून निळं पडलं होतं. मास्तरांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"माझं राहू द्या. आधी माशाचं बघा."

"मासा पाण्यात आहे. तुम्ही खुर्चीत बसा."

त्यांनी मलम आणलं, पट्टी आणली. बांधता बांधता, मान खाली घालून, त्या बोलत राहिल्या. त्या माशाचं मला एवढं काही नाही, मास्तर, असं त्या म्हणाल्या. नऊ वर्षं तो घरात होता आणि मी त्याला एकदाही खायला घातलं नव्हतं. ते सगळं ह्यांचं. घरी आले की आधी टाकी, मग आम्ही. हे गेल्यावर टाकीवाल्याकडून शिकले मी, कोळंबी कशी सोलायची, पाणी किती बदलायचं. नव्या नवऱ्यासमोर पहिल्या नवऱ्याला 'हे' म्हणताना सिस्टर आधी नेहमी अडखळायच्या. आज अडखळल्या नाहीत, आणि मास्तरांनाही ते कुठे टोचलं नाही.

"मग ठेवला कशाला?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी पट्टीचं टोक दातांनी फाडलं आणि गाठ मारली.

"तो इथं आहे तोवर पोराला इथं यायला कारण आहे," त्या म्हणाल्या. "एकदा नेला, की मग कशाला येईल?"

मास्तरांना एवढे दिवस वाटत होतं की या घरात त्यांची तुलना रोज एका गेलेल्या माणसाशी होते, आणि ती करणारा डोळा पाण्यात आहे. आता त्यांना आपलीच लाज वाटली. पट्टी बांधून झाली तरी सिस्टरांनी त्यांचा हात लगेच सोडला नाही.

टाकीवाला दुसऱ्या दिवशी आला. ही टाकी त्यानेच बांधलेली. लठ्ठ, बोलका, काचेवर टकटक करणाऱ्या माणसांचा जन्माचा वैरी. त्याने पाण्यात मीठ टाकलं, रोज थोडं पाणी बदलायला सांगितलं आणि जखमेची काळजी करू नका म्हणाला. खवले येतात, वेळ लागतो पण येतात. सकरबद्दल मात्र मास्तरांना त्याने चांगलंच ऐकवलं. सकर वाईट नाही, जोडी वाईट, असं त्याचं म्हणणं.

जखम भरू लागली, पण मासा खाईना. वरचं पाणी त्याने सोडून दिलं. हीटरच्या मागे, तळाशी, डोकं खाली करून तो उभा राहायचा. सोललेली कोळंबी त्याच्या डोळ्यांसमोरून खाली जायची आणि संध्याकाळी मास्तर ती जाळीने काढायचे. आठ दिवस झाले. मुलगा यायला दोन आठवडे उरले. सिस्टर घरी आल्या की हात धुण्याआधी विचारू लागल्या, खाल्लं का? मास्तर मान हलवायचे. त्यांचं स्वतःचं जेवणही धड होत नव्हतं, हे सिस्टरांनी पाहिलं आणि न बोलता ताटात वाढायचं कमी केलं, म्हणजे टाकलेलं त्यांना दिसायला नको.

"घाबरलाय," टाकीवाला फोनवर म्हणाला. "त्याला वाटतंय वर धोका आहे. दुसरे मासे बिनधास्त फिरताना दिसले तर त्याचीही भीती जाईल. सोबत द्या त्याला."

सोबत कसली द्यायची हे त्याने सविस्तर सांगितलं. वरचा मजला अरोवानाचा, तिथे दुसऱ्या कुणाला जागा नाही. भाडेकरू ठेवायचे ते मधल्या आणि खालच्या मजल्यावरचे. एकटादुकटा आणू नका, त्याच्यावर सगळा राग निघतो. अंगाला चिकटणारे नकोत, ते तुम्ही पाहिलंच. स्वभावाने शांत, पण अंगाने भरलेले. त्याच्या तोंडात मावेल तो मासा सोबती नाही, नाश्ता.

"केवढं उघडतं त्याचं तोंड?" त्याने विचारलं.

"साडेतीन इंच," मास्तर म्हणाले.

"टेप लावला होता का?"

"नजरेनं."

टाकीवाला हसला, पण त्याने तो आकडा धरला. दुसऱ्या दिवशी तो चार पॅरट मासे घेऊन आला, केशरी, गोल गरगरीत, तळहातापेक्षा मोठे. त्यांच्या तोंडाची ठेवण अशी की कायम काहीतरी आश्चर्याचं ऐकल्यासारखे दिसायचे. तोंड नीट मिटतच नाही त्यांचं, टाकीवाल्याने सांगितलं, त्यामुळे मनात आलं तरी कुणाला धड चावता येत नाही. सिस्टर म्हणाल्या, माझ्या वॉर्डात असे दोन डॉक्टर आहेत. पॅरट आठवडाभर कपडे भिजवायच्या टबात वेगळे ठेवले, आजारबिजार नाही याची खात्री करायला. त्या आठवड्यात मास्तरांनी आपले कपडे बादलीत भिजवले आणि न्हाणीघरात सकरच्या बादलीशेजारी उभं राहून, अंग चोरून आंघोळ केली.

टाकीतले दगड हलवून, दिवा बंद करून, एका सकाळी चौघांना सोडलं. सिस्टर ड्यूटीला निघण्याच्या तयारीत, गणवेश घालून, स्टुलावर उभ्या होत्या. मास्तरांच्या हातात जाळी तयार होती. अरोवाना हीटरमागून हलला नाही. पॅरट थोडा वेळ एकमेकांना चिकटून राहिले, मग त्यांनी तळाची रेती तोंडाने उपसायला सुरुवात केली, जणू घर लावायला घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मास्तर पॅरटना दाणे टाकत होते आणि चौघांची झुंबड उडाली, तेव्हा हीटरमागचं डोकं पहिल्यांदा वर झालं. तो बाहेर आला. मधोमध थांबला. केशरी गर्दीच्या वरून एक फेरी मारली, आणि पुन्हा जागेवर गेला. मास्तरांनी ही बातमी इस्पितळात फोन करून वॉर्डात कळवली. सिस्टरांनी फोनवर नुसतं "बरं" म्हटलं, कारण समोर पेशंट होता. पण त्या दिवशी त्या रिक्षाने घरी आल्या.

पाचव्या दिवशी त्याने कोळंबी घेतली. पाण्यातून तोंड वर काढून, हातातूनच घेतली. मास्तरांची बोटं ओली झाली आणि ती त्यांनी बराच वेळ पुसली नाहीत. सिस्टर मागे उभ्या होत्या. ड्यूटीला वीस मिनिटं उशीर झाला होता आणि त्या तरीही उभ्या होत्या.

त्यानंतरच्या रविवारी मुलगा आला.

उंच, सावध, आईसारखं कपाळ असलेला. थर्माकोलचा मोठा खोका, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर असा सगळा सरंजाम त्याने दाराशी मांडला. आईला वाकून मिठी मारली. मास्तरांना नमस्कार केला. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांनी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही. तो टाकीकडे गेला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालला, पुलाला तडा कुठे आहे हे शोधावं तसा. मग थांबला.

"हे काय आहे?"

नव्या खवल्यांची कोर आली होती, पण जागा अजून फिकट होती. सिस्टरांनी तोंड उघडलं. मास्तर त्यांच्या आधी बोलले.

"माझ्यामुळं झालं," ते म्हणाले. "मी कुणाला न विचारता सकर सोडला होता. तो ह्याच्या अंगाला चिकटला. झाकणावर वजन ठेवायचं मला सुचलं नाही. उडी मारून बाहेर पडला, तिथं, मशीनपाशी."

"किती वेळ बाहेर होता?"

"दोन मिनिटं असेल. मला जास्त वाटली."

टाकीतला पंप तेवढा बुडबुडत होता. सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि त्यांनी कपबशा विसळायला घेतल्या. मुलगा अजून टाकीकडेच पाहत होता. पाठमोराच बोलला.

"आधी एकदा पडला होता. मी दहावीत होतो."

"त्या वेळी बाबांच्या हातून झाकण उघडं राहिलं होतं," सिस्टर आतून म्हणाल्या.

"नाही," मुलगा म्हणाला. "मी उघडं ठेवलं होतं. मित्राला दाखवायला. बाबा आले तेव्हा तो फरशीवर होता आणि मी नुसता उभा होतो, हात लावायची हिंमत होईना. त्यांनी उचलला. तुला मात्र म्हणाले, माझ्याकडून राहिलं."

आतला नळ बंद झाला.

"आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते," सिस्टर म्हणाल्या. हे त्या मुलाला म्हणत नव्हत्या, मास्तरांनाही नाही. समोरच्या कपबशांना म्हणत होत्या.

मुलाने मास्तरांकडे वळून पाहिलं. त्यांनी पुढे केलेली खुर्ची अजून तिथेच होती. तो तिच्यात बसला, आणि बसल्यावर त्याची उंची, सावधपणा, सगळंच थोडं कमी झालं. मास्तरांनी कोळंबीचं भांडं आणून त्याच्या हातात दिलं.

"जरा वर धर," ते म्हणाले. "पाण्याला टेकवू नकोस. येईल तो."

तो आला. पॅरट खाली धक्काबुक्की करत होते, त्यांच्यावरून सावलीसारखा सरकत आला आणि मुलाच्या बोटांमधून कोळंबी अलगद घेऊन गेला. मुलगा हात तसाच पाण्यावर धरून राहिला. बाबा म्हणायचे, हा कुणाबरोबर राहत नाही, एवढंच तो म्हणाला. मास्तर म्हणाले, टाकीवाल्याचं वेगळं म्हणणं आहे, आणि मग त्यांनी मजल्यांची आणि भाडेकरूंची सगळी हकीकत सांगितली. साडेतीन इंचांचीसुद्धा सांगितली. सिस्टर चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि कुणीही तिकडे पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर मुलगा हात धुवायला न्हाणीघरात गेला आणि तिथून त्याने हाक मारली.

"बादलीत कोण आहे?"

"आरोपी," मास्तर म्हणाले.

तो हसला. मास्तरांनी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. आईसारखाच, आवाज न करता, खांदे हलवून. तो बादलीशी उकिडवा बसून राहिला. याचं काय करणार, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, टाकीवाला नेतो म्हणालाय, पण येईना. इथं कुणाला नको आहे तो. तसा त्याचाही दोष नाही.

चारच्या सुमाराला मुलगा निघाला. अंगावरची जखम पुरती भरलेली नसताना एवढ्या लांबचा प्रवास माशाला झेपायचा नाही, असं त्याने आईला सांगितलं, अगदी तपासणीचा अहवाल द्यावा तसं. माझ्याकडची टाकी तयार आहे, महिनाभर नुसतं पाणी फिरतंय तिच्यात, असंही म्हणाला. आणि थर्माकोलच्या त्या मोठ्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या जाड पिशवीत, वीतभर सकर बसवून तो घेऊन गेला. सिस्टर फाटकापर्यंत गेल्या. परत आल्या आणि त्यांनी झाकणावरची पुस्तकं नीट केली एवढंच.

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला. सिस्टर भाजी चिरत होत्या, त्यामुळे मास्तरांनी उचलला. मुलाचा आवाज ओळखून त्यांनी सवयीने फोन सिस्टरांकडे धरला. सिस्टरांनी हात पुसले आणि पुढे केले.

पण मास्तरांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"हां," ते म्हणाले. "नाही, आहे ती इथंच. बरं... बोल ना. बोल."

सिस्टर हात पुढे केलेल्या तशाच थांबल्या. मग त्यांनी हात मागे घेतले आणि पुन्हा भाजीला बसल्या. मास्तर बोलत बोलत पुढच्या खोलीत गेले. काकडी दे, ते सांगत होते. जाड चकत्या कर आणि उकडून घे, नुसती नको, तरंगते ती. चमच्याला खोचून खाली सोड. मग बराच वेळ ते नुसते हुंकार देत होते. मग काहीतरी पुलाबद्दल निघालं, कारण मास्तरांनी विचारलं, वरून गाड्या चालू असतानाच खाली उतरतोस? आणि मग त्यांचा आवाज खाली आला आणि ऐकू येईनासा झाला.

भाजी शिजली. सिस्टरांनी गॅस बंद केला, दोन ताटं घेतली, आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या. फोन संपला होता. मास्तर मशीनसमोर बसले होते, सुईत दोरा ओवत होते आणि दोरा आत जात नव्हता.

"काय म्हणाला?"

"काही नाही. खातो म्हणाला तो. सकर."

"एवढ्याला अर्धा तास?"

मास्तरांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि खिडकीकडे तोंड करून पुन्हा ओवायला लागले. सिस्टरांनी मास्तरांच्या हातातली सुई घेतली, एका झटक्यात ओवली आणि परत दिली.

"चला," त्या म्हणाल्या. "गार होतंय."